मदत हवी आहे: होळकरांची सनद आज कायदा म्हणून चालते का?

राम राम मंडळी. मी शिरपूरची. आईचं माहेर घाटापलीकडे, सेंधव्याकडच्या एका खेड्यात. पळासनेर सोडलं की बिजासन घाट, मग सेंधवा. रस्ता तासाभराचा, पण जुन्या कागदांत ते दोन वेगळे मुलूख. आमचा खानदेश १८१८ पासून इंग्रजांकडे, सेंधवा होळकरांकडे.

मामांच्या घराण्याकडे महादेवाच्या देवळाची पूजा आहे आणि त्यासाठी दिलेली सहा बिघे जमीन. शिवाजीराव होळकरांच्या काळातली सनद आहे, मोडीत, शिक्क्यासह. आजी म्हणायची, "राजानी दिन्ही जमीन शे, कोन लेई?" आता खसऱ्यातून, म्हणजे तिकडच्या सातबाऱ्यातून, मामांचं नाव निघालंय. मालक म्हणून देवाचं नाव आणि व्यवस्थापक म्हणून कलेक्टर, अशी नोंद आहे. मामा बहात्तर वर्षांचे आहेत, रोज पहाटे देवळात जातात. त्यांनी जेवण कमी केलंय.

एक वकील म्हणाले, राजा गेला, सनद रद्दी झाली. दुसरे म्हणाले, राजाचा शब्द हाच कायदा होता आणि घटनेच्या कलम ३७२ मुळे तो आजही लागू आहे. कोणाचं खरं धरायचं? कोणाला माहिती असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, दोघांचंही अर्धंच खरं आहे. विलीनीकरणाने संस्थानांचे कायदे आपोआप मेले नाहीत. इंदूर संस्थान १९४८ साली मध्य भारतात गेलं, १९५६ ला मध्य प्रदेश झाला. कलम ३७२ सांगतं की घटना लागू होताना जे कायदे चालू होते, ते सक्षम विधिमंडळ बदलत किंवा रद्द करत नाही तोवर चालू राहतील. निजामाचं फर्मान आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या कलमबंद्या (लेखी नियम) सर्वोच्च न्यायालयाने कायदा म्हणूनच मानल्या. राजा सर्वसत्ताधीश, त्याला विधिमंडळाची गरज नव्हती.

पण राजाने सही केलेला प्रत्येक कागद कायदा नसतो. पंचमहालच्या बाजूच्या संत संस्थानाचा दाखला बघा. विलीनीकरणाच्या तोंडावर, मार्च १९४८ मध्ये, तिथल्या राजाने ठराव काढून जहागीरदारांना जंगलाचे हक्क दिले. मुंबई सरकारने ते मानले नाहीत. भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६४ मध्ये निकाल लागला की हा ठराव कायदा नाही, ते नुसतं दान आहे. आणि आधीच्या राजाने दिलेलं दान नव्या सरकारने मान्य केलं तरच टिकतं. म्हणजे सगळ्या रयतेला लागू होणारा नियम असेल तर कायदा, एका घराण्याला दिलेली सनद असेल तर बहुधा नाही. तुमची सनद दुसऱ्या प्रकारातली दिसते. ३७२ वर सगळा भार टाकू नका.

तरी ती रद्दी मुळीच नाही. जमीन कोणाला आणि कशासाठी दिली, याचा तो पुरावा आहे. देवाला दिली की पुजाऱ्याला, हा एक शब्द सगळं ठरवेल. मध्य प्रदेशातल्याच देवस्थान जमिनींवर सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. जमिनीचा मालक देव, पुजारी हा देवाच्या वतीने वहिवाट बघणारा, त्यामुळे मालकाच्या रकान्यात त्याचं नाव लागत नाही. हे मामांना कडू वाटेल. पण त्याच निकालात हेही आहे की देऊळ शासनाकडे निहित, म्हणजे कायद्याने शासनाकडे गेलेलं, नसेल, तर कलेक्टरला सरसकट व्यवस्थापक म्हणून लिहिता येत नाही. तुमची लढाई इथे आहे.

प्रतिसाद २

सनद आधी नीट वाचून घ्या. घरातली ऐकीव गोष्ट आणि मोडीतला मजकूर पुष्कळदा जुळत नाही. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात मोडी जाणणारं कोणी भेटतं का विचारा. मूळ कागद घेऊन एसटीने हिंडू नका, फोटो काढून न्या. लॅमिनेशन तर अजिबात नको, जुना कागद त्यात मरतो.

मूळ प्रश्नकर्ती

दादा, दोघांचेही आभार. काल धुळ्याला एका निवृत्त गुरुजींकडून सनद वाचून घेतली. त्यात "श्री महादेव" आधी येतं आणि आमच्या पणजोबांचं नाव नंतर, "पूजा नैवेद्य चालवावी" असं. म्हणजे जमीन देवाची. मामांना फोनवर सांगितलं. बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, देवाची तर देवाची, पण दिवा मीच लावीन.

आता एवढंच सांगा: देऊळ शासनाकडे निहित आहे की नाही, हे कुठल्या नोंदीवरून कळतं? जुना खसरा मागायचा तर तहसीलमध्ये कोणत्या सालापासूनचा मागू?