मदत हवी आहे: गॅस्ट्रिक बायपासनंतर आईला बीसीएए पावडर द्यावी का?

नमस्कार मंडळी, आईला बरीच वर्षं डायबिटीस, वजनही खूप, म्हणून या पावसाळ्यात गॅस्ट्रिक बायपास (पोट लहान करून पुढच्या आतड्याला जोडायची शस्त्रक्रिया) करून घेतली. शुगर तर इतकी भराभर उतरली की डिस्चार्जच्या आधीच इन्सुलिन बंद केलं, वजन तेव्हा फारसं कमीही झालं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, अन्न आता लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग चुकवून पुढे जातं त्यामुळे जेवल्यावर जीएलपी-१ हे इन्सुलिन वाढवणारं हार्मोन जास्त सुटतं, शिवाय खाणंच कमी म्हणून लिव्हरही साखर कमी सोडतं. इथवर समजलं.

अडचण प्रोटीनची आहे. डाएटिशियनने दिवसाला निदान ६० ग्रॅम सांगितलंय. आई शाकाहारी, अंडंही चालत नाही, वाटीभर वरण संपता संपत नाही आणि पनीरचे चार तुकडे खाल्ले की पोट डब्ब. केस गळतायत, जिना चढताना पाय थरथरतात, बघवत नाही हो. भावाने जिमची बीसीएए पावडर आणून ठेवलीय, म्हणतो यानेच मसल टिकतात. पण बीसीएए म्हणजे ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन ही तीन अमिनो ॲसिड (प्रोटीनचे घटक), आणि ही रक्तात जास्त असणाऱ्यांना पुढे डायबिटीस व्हायची शक्यता जास्त असं अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या लोकांवरच्या अभ्यासात २०११ साली दिसलं होतं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात काहींनी डाएटने, काहींनी बायपासने साधारण १० किलोच कमी केले, तरी ही अमिनो ॲसिड बायपासवाल्यांचीच जास्त उतरली. मग ऑपरेशनने जे खाली आणलं तेच आपण डब्यातून परत भरायचं का? कुणाच्या घरी असं झालंय का, प्लीज सांगा.

प्रतिसाद:
ताई, बीसीएए नकोच. शरीराला बाहेरून लागणाऱ्या नऊ अमिनो ॲसिडपैकी त्यात तीनच असतात, मसल बांधायला सगळी लागतात. व्हे प्रोटीनचं विचारा, ते दुधाचंच असतं. त्यातही ल्युसिन भरपूर असतं पण घाबरू नका, लठ्ठपणात ही अमिनो ॲसिड रक्तात साठतात ती मुख्यतः चरबी आणि लिव्हर त्यांना नीट जाळत नाहीत म्हणून, आणि वजन उतरतं तसं ते सुधारतं. फक्त साखर घातलेली पावडर घेऊ नका, डंपिंग होऊन (गोड पोटातून झपाट्याने आतड्यात उतरून) घाम, धडधड, जुलाब होतात. डायबिटीस जुना आहे तर आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) दाखवून घ्या. आणि पाय थरथरतात तेव्हा लगेच ग्लुकोमीटरवर शुगर बघा, शुगरच्या जुन्या गोळ्या चालू असतील तर ती खूप खाली जाऊ शकते. बी१२, बी१ आणि आयर्नचंही डॉक्टरांना विचारा, हे थांबवून ठेवू नका.

धागाकर्ती:
खूप आभार! एक गोळी अजून चालू आहे, आत्ताच डॉक्टरांना फोन लावते. गोड वासानेच आईला मळमळतं, बिनचवीचं व्हे ताकात ढवळून दिलं तर चालतं का?