मदत हवी आहे: हॅम म्हणजे हौशी रेडिओची पहिली इमर्जन्सी ड्यूटी, बॅगेत काय घेऊ? (नागपूर)

धंतोलीकर
पावसाळ्यात कधीही निरोप येईल, तयार राहा, असं ग्रुपवर सांगून ठेवलंय. माझी पहिलीच वेळ. लायसन्स आहे, सेट आहे, बॅटरी आहे. अजून काय घ्यायचं आणि बॅटरी किती वेळ पुरेल, एवढंच सांगा. नेटवरच्या याद्यांमध्ये शिट्टीपासून होकायंत्रापर्यंत सगळं आहे, कामाचं काही नाही. जरा लवकर.

टॉवरखाली
सेट म्हणजे हातातला हँडी की गाडीतला? बॅटरी किती एएचची (अँपिअर-तास)? बसायचं कंट्रोल रूममध्ये की पाण्याजवळ? किती तास? हे कळल्याशिवाय उत्तर म्हणजे कुंडली मांडणं.

चाळीस_मीटर
काहीही असो, एचएफ घ्या, म्हणजे लांब पल्ल्याचा शॉर्टवेव्ह सेट. वीज गेली की मोबाइल टॉवर त्याच्या बॅटरीपुरताच चालतो, रिपीटरचंही (आपला सिग्नल उंचावरून पुढे पाठवणारं केंद्र) तेच. अँटेनासाठी १४२.५ भागिले ७.१ (मेगाहर्ट्झ, ४० मीटर बँड) म्हणजे साधारण २० मीटर तार, दोन्ही बाजूंना १०-१० मीटर. अर्धा मीटर जास्त ठेवून कापा, टोकं दुमडत एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत येणाऱ्या पॉवरचं माप) खाली आणा. तीन-चार मीटर उंची पुरे. सिग्नल वर जाऊन परत खाली पडतो, दिवसा चंद्रपूर-गडचिरोली आरामात. आपल्या रीजन ३ (आशिया-पॅसिफिक) मध्ये इमर्जन्सीसाठी ७.११० मेगाहर्ट्झ ठरलेली आहे.

सावजी७३
नागपुरात पाणी शिरल्यावर चंद्रपूरशी बोलून काय करता राजेहो? २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी ओसंडला, नागनदीकाठच्या वस्त्या पाण्यात गेल्या. अशा वेळी निरोप चार-पाच किलोमीटरच न्यायचा असतो. व्हीएचएफ (जवळच्या पल्ल्याचा बँड) सिम्प्लेक्स, म्हणजे रिपीटरविना सेट ते सेट, बस. रात्री ४० मीटरवर स्किप (सिग्नल वरून परत पडण्याचं अंतर) लांब जातो, जवळचा स्टेशन ऐकूच येत नाही. मग ८० मीटर बँड, म्हणजे दुप्पट तार. ती कुठं ताणणार?

चाळीस_मीटर
गच्चीवर इनव्हर्टेड व्ही, म्हणजे तारेचा उलटा व्ही. मधोमध एक बांबू.

सावजी७३
आणि शेजारून विजेची लाइन गेली असेल तर? ओल्या दोरीसकट तार तिच्यावर पडली म्हणजे?

मोर्सप्रेमी
लायसन्सच्या परीक्षेचा अर्ज सरल संचार पोर्टलवर भरतात. जनरल ग्रेडला मोर्स मिनिटाला ८ शब्द लागतं, आत्तापासून सराव ठेवा.

टॉवरखाली
त्यांच्याकडे लायसन्स आहे. पहिली पोस्ट वाचा.

धंतोलीकर
भांडू नका हो. हँडी ५ वॅटची, गाडीतला ५० वॅटचा. बॅटरी ७ एएच, जुन्या यूपीएसमधली. कुठं बसवतील ते सांगितलं नाही.

टॉवरखाली
हे आधी सांगायचं ना. ५० वॅटवर सेट १० अँपिअरच्या आसपास ओढतो. ७ एएच हा आकडा २० तासांत हळूहळू काढल्यावरचा आहे. एकदम १० अँपिअर काढलं की व्होल्टेज बसतं: पीटीटी (बोलायचं बटण) दाबली की डिस्प्ले मंद, सेट बंद, सोडली की पुन्हा चालू. माणसाला वाटतं सेटच बिघडला. पॉवर १० वॅटवर ठेवा, बोलताना ४ अँपिअर धरा, ऐकताना अर्धा. तासात सहा मिनिटं बोललात तर ०.८५ एएच. जुन्या बॅटरीतून ४ एएच निघाले तरी साडेचार तास झाले. गाडीत सिगारेट लायटरच्या सॉकेटला ५० वॅटचा सेट लावू नका, त्याचा फ्यूज बहुतेक १०-१५ अँपिअरचाच असतो. थेट बॅटरीवरून जाड वायर, फ्यूज बॅटरीच्या जवळ.

सावजी७३
हँडीचा ड्युअल वॉच (दोन चॅनेल आळीपाळीने ऐकणं) बंद करा. स्वस्तातल्या सेटमध्ये खालच्या चॅनेलवर कोणी बोललं आणि तुम्ही लगेच पीटीटी दाबली, तर तुमचं बोलणं तिकडेच जातं. नेट कंट्रोल (सगळ्यांची बोलायची पाळी लावणारा) हाका मारत बसतो. रिपीटर उघडणारा टोन आणि मायनस ६०० किलोहर्ट्झ शिफ्ट (बोलायची फ्रिक्वेन्सी ऐकायच्यापेक्षा तेवढी खाली) भरून ठेवा, पण सिम्प्लेक्सचे दोन चॅनेलही आधीच भरा. रिपीटर झोपल्यावर भर पावसात मेन्यू चाळायला कोणाला जमतं? रबर अँटेनाच्या बुडाशी धातूच्या कड्याला ४९ सेंटिमीटरची वायर गुंडाळून खाली लोंबू द्या, सिग्नल चांगला सुधारतो. सेट कमरेला नाही, तोंडासमोर उभा.

टॉवरखाली
आणि वही, शिसपेन्सिल. ओल्या कागदावर बॉलपेन उठत नाही. प्रत्येक निरोपाला क्रमांक, वेळ, कोणाकडून, कोणाला. आकडे सुटे सांगा. खरखरीत "सात" आणि "साठ" एकच वाटतात, एकोणपन्नास-एकोणसाठचं तर विचारूच नका. "सहा शून्य" म्हणा. बोलावल्याशिवाय निघू नका, पाण्यात आणखी एक गाडी अडकते.

धंतोलीकर
हे खरं कामाचं. बिल्डिंगच्या गच्चीवर अँटेना लावून खाली २० मीटर आरजी ५८ केबल आणली तर चालेल?

चाळीस_मीटर
एचएफला चालेल.

टॉवरखाली
व्हीएचएफच्या १४५ मेगाहर्ट्झला नाही. २० मीटरमध्ये ४ डीबी जातात, म्हणजे १० वॅटमधले चारच वर पोचले. जाड आरजी २१३ वापरा, नाहीतर सेट घेऊन वरच बसा.

धंतोलीकर
वरच बसतो मग, हँडी घेऊन. छोटी केबल आहे, तिला पीएल २५९ कनेक्टर लावलाय.

सावजी७३
हँडीवरचा एसएमए कनेक्टर मेल (मधे पिन) आहे की फिमेल (मधे भोक)? बघा आणि मगच अडॅप्टर आणायला सीताबर्डीत जा, नाहीतर दोन चकरा होतील.