'गुटगुटीत' पोरं आणि कापसाचा काटा (अनुभव धागा)

तापीकाठची
काल धुळ्यात आग्रा रोडला लेकाचा गणवेश घ्यायला गेले होते. दुकानदाराने पोराकडे पाहिलं आणि आत ओरडला, "आठवीचं माप काढ रे!" पोरगा चौथीत आहे. त्याने जे पोट आत ओढलं ते दुकानाबाहेर येईपर्यंत सोडलं नाही.

असाच श्वास धरून मी बसले होते, १९९४ साली. अमळनेरजवळचं आमचं खळं, कापूस मोजणं चालू. काकांनी गंमत म्हणून गाठोड्याच्या चादरीत मला बसवलं आणि काट्याला टांगलं. "अर्धा क्विंटल शे!" वेचणीच्या बायासुद्धा हसल्या. मी दहा वर्षांची. रात्री जेवले नाही, तर आजीने अंधारात गूळ-तूप-पोळीचा लाडू हातात कोंबला.

लेकाला न दुखावता काय करू? सल्ले नकोत, अनुभव लिहा. (सल्ला आला तरी वाचेन.)

बट्टीबहाद्दर
ताई, सॉरी, पण अर्धा क्विंटलला हसलो 😂 मला वर्गात 'टमटम' म्हणायचे. सुट्टीत शहाद्याला मामाकडे गेलो की मामीचं पहिलं वाक्य ठरलेलं, "मना भाचा सुकी गया वं माय!" की लगेच बट्टी तुपात. आता माझ्या पोरीलाही तेच म्हणते. मामीला कोण सांगणार?

केळीवाला
बट्टी रोज होत नाही, तिला कशाला बोलता. आमच्या रावेरला घराभोवती केळीच केळी, आणि पोराला डब्यात केळं न्यायची लाज वाटते! वेफरचं पाकीट मात्र चालतं. त्याला बोलणं सोडलं, पाकीट घरात आणणंच बंद केलं. म्हणजे मलाही बंद. पोरगं आठ दिवसांत विसरलं, मी अजून नाही.

डबेवाली_मम्मी
घाईत लिहितेय. मुलीची मान काळी पडली होती. मी दर रविवारी बेसन-दही लावून घासायची, पोर रडायची. जळगावच्या बालरोगतज्ज्ञांनी बघितलं, म्हणाले हा मळ नाहीच. वजन वाढलेल्या मुलांत कातडी अशी जाड, मखमली होते, शरीरात इन्सुलिन नीट लागू पडत नसल्याची ती खूण असू शकते, रक्त तपासून घ्या. उपाशी ठेवू नका म्हणाले. वाढतं वय आहे, वजन आहे तिथे थांबलं आणि उंची वाढली तरी काम होतं. दीड वर्षात वजन ४६ चं ४७, उंची ९ सेंटीमीटरने वाढली. गोळी नाही, पावडर नाही. थंडपेय बंद (२५० मिलीच्या बाटलीत साधारण सहा चमचे साखर असते. एकदा तिच्यासमोर वाटीत काढून दाखवली), रात्रीचं जेवण टीव्हीशिवाय, आणि दोरीवरच्या उड्या. मान अजून पूर्ण उजळली नाही. घासल्याबद्दल मी तिची माफी मागितली. कुकर झाला, पळते.

मेहरूणचा_वारा
जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. बरोबर आहे हो, पण मे महिन्यात ४५ अंशात पोराला कुठे सोडू? कूलरसमोर मोबाईल घेऊन पडतो. मग पहाटे साडेपाचला मेहरूण तलाव. चार दिवस रागाने बाकावर बसला. पाचव्या दिवशी एका कुत्र्यामागे धावला. त्या कुत्र्याचे उपकार फिटायचे नाहीत.

बट्टीबहाद्दर
कुत्रा भाड्याने मिळेल का?

जुना_भुसावळकर
आमच्या वेळी हे काही नव्हतं. शेवभाजीची तर्री ओरपायचो, दिवे लागेपर्यंत विटीदांडू. कोणी जाड नाही.

डबेवाली_मम्मी
काका, तुम्ही शाळेत चालत जायचे. आमच्या दारात रिक्षा येते, आणि मागच्या मैदानावर आता मंगल कार्यालय आहे.

जुना_भुसावळकर
हे मात्र खरं. तुम्ही भुसावळच्या का? जामनेर रोडकडच्या?

डबेवाली_मम्मी
माहेर तिथलंच! व्यनि (खाजगी निरोप) करते.

सातपुडा_मास्तर
मी धडगावकडे शिकवतो. आठवडाभर कुपोषित मुलांची वजनं लिहायची, शनिवारी घरी आलं की पाचवीतला भाचा ६२ किलो. एकाच नंदुरबार जिल्ह्यात हे दोन्ही. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी-मीठ-साखरेचं काही विकू नये असा २०२० चा नियम आहे. भाच्याच्या शाळेसमोरची गाडी मी पावलं टाकून मोजली. अकरा पावलं.

कळण्याची_भाकरी
रात्री कळण्याची भाकरी, भरीत आणि कांद्याची पात सुरू करा. गव्हाच्या दोन पोळ्या खाणारा एका भाकरीत गप्प बसतो, माझ्या घरचा अनुभव. चार वाटे ज्वारी, एक वाटा उडीद, मीठ दळतानाच.

केळीवाला
तीनास एक!! चाराला एकने कळण्याला चव येत नाही. भरिताला तेल किती घालता तेही लिहा, मग बघू कोण गप्प बसतं.

तापीकाठची
सगळं वाचलं. मानेचं वाचून उठून लेकाची मान बघून आले, ठीक आहे. रात्री त्याला काट्याची गोष्ट सांगितली. हसला नाही. "तुला खाली कोणी उतरवलं?" म्हणाला. मला आठवेना. उद्या पहाटे पांझरेच्या काठाने दोघं चालायला जाणार आहोत. जुन्या गणवेशाची शिवण सोडवून बघते, नवा घेतलाच नाही त्या दुकानातून.

आणि ते उडीद सालीसकट ना?

कळण्याची_भाकरी
सालीसकटच. त्यानेच तर काळी होते.