इतिवृत्तांच्या फायली गेल्या कुठे? (सोसायटी ग्रुप, रविवार)

सेक्रेटरी काका (सी-१०२): नमस्कार मंडळी. आधीच्या कमिटीकडून आलेला पेनड्राइव्ह आज ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावला, तर आत काहीच नाही. फक्त एक शॉर्टकट दिसतोय. ४३ इतिवृत्तं होती त्यात. ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यायची आहे, जुने ठराव हाताशी हवेतच.

बी-३०४: काका, फॉरमॅट करून बघा. माझा असाच अडकला होता, फॉरमॅट केल्यावर चालायला लागला.

ए-६०१: काका, कृपया फॉरमॅट करू नका!! त्या शॉर्टकटवर डबल क्लिकही करू नका. आणि त्या पेनड्राइव्हवर नवीन काही कॉपी करू नका. आधी एवढंच सांगा, पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं की किती जागा भरलेली दिसते?

सेक्रेटरी काका (सी-१०२): ६ जीबीच्या वर.

ए-६०१: मग फायली आहेत, काळजी सोडा. रिकाम्या ड्राइव्हची ६ जीबी भरत नाही. हा शॉर्टकटवाला व्हायरस आहे. तो फायली पुसत नाही. बिननावाचं एक फोल्डर करतो, सगळं त्यात सरकवतो आणि त्याला ‘हिडन’ आणि ‘सिस्टीम’ अशा दोन खुणा लावतो. विंडोज अशा फायली यादीत दाखवतच नाही. नुसतं ‘हिडन आयटम्स’ चालू करून भागणार नाही, ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स’ची टिकही काढावी लागते. पाच वाजता खाली येतो. आधी अँटिव्हायरस चालवू, मग खुणा काढू.

डी-२०१: सर्वांना कळवणे, आज ४ ते ६ टाकी सफाई, पाणी भरून ठेवा.

सेक्रेटरी काका (सी-१०२): सगळ्या ४३ फायली दिसल्या 🙏 ए-६०१चे मनापासून आभार. खजिनदारांना सांगून ऑफिसच्या नेटवर्क बॉक्सवर (सगळ्यांच्या फायली ठेवायची सामाईक डिस्क) टाकून घेतो, म्हणजे परत हा प्रसंग नको.

खजिनदार (बी-५०३): कॉपी केल्या, पण बॉक्सवर ४१च दिसतात. दोन कुठे गळल्या कळत नाही. मध्ये ‘नाव फार मोठं’ असा काहीतरी मेसेज आला होता, मी स्किप दाबलं.

ए-६०१: दादा, त्याच त्या दोन. पेनड्राइव्हवर सुखरूप असतील, बघा. तिथे नावात २५५ चिन्हं चालतात. आपला बॉक्स आतून लिनक्सवर (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम) चालतो आणि त्याची एक्स्ट-फोर फाइल सिस्टीम, म्हणजे फायली साठवायची पद्धत, चिन्हं नाही तर २५५ बाइट (साठवणीचं माप) मोजते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन. शिवाय काना, मात्रा, हलन्त, सगळं वेगळं मोजलं जातं. ‘वार्षिक’ आपल्याला तीन अक्षरं दिसतात, पण आत व, काना, र, हलन्त, ष, वेलांटी, क अशी ७ चिन्हं, म्हणजे २१ बाइट. ‘वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त’ एवढ्यालाच ९३ लागतात. पुढे ‘लिफ्ट दुरुस्ती व पाण्याची टाकी ठराव मंजूर सही झालेली अंतिम प्रत’ लिहिलं की मर्यादा संपते. पेनड्राइव्हवर नाव लहान करा, ‘इतिवृत्त २०१५-१६ लिफ्ट’ पुरे, आणि परत कॉपी करा.

खजिनदार (बी-५०३): झालं. ४३.

ए-२०३ काकू: अरे, मुंजीचे फोटो पेनड्राइव्हवर घेतले, टीव्हीवर निम्मेच दिसतात. तेही असंच का?

ए-६०१: काकू, न दिसणारे आयफोनवर काढलेले आहेत का? आयफोन हेइक प्रकारात फोटो ठेवतो, बरेच टीव्ही तो प्रकार यादीत घेतच नाहीत. जेपीजी करून देतो, चिंता नको.

सेक्रेटरी काका (सी-१०२): अजून एक अडचण. दुसऱ्या मजल्याच्या गळतीचा ठराव बॉक्सवर सर्चमध्ये टाकला, ‘दुसऱ्या’ असा शब्द घालून. शून्य निकाल. पण ४३ तर पूर्ण आहेत.

ए-६०१: ती फाइल आधीच्या अध्यक्षांनी घरच्या जुन्या मॅकवरून झिप करून दिलेली होती का?

सेक्रेटरी काका (सी-१०२): हो. कसं ओळखलंत?

ए-६०१: ‘ऱ्या’वरून. आपला ‘ऱ’ दोन प्रकारे साठवता येतो. एक अखंड ‘ऱ’, आणि दुसरा साधा ‘र’ अधिक खालचा नुक्ता, म्हणजे टिंब. डोळ्यांना दोन्ही हुबेहूब सारखे. मॅकची फायली साठवायची जुनी एचएफएस प्लस पद्धत नावातला ‘ऱ’ फोडून दुसऱ्या प्रकारे ठेवायची, झिपमध्येही नाव तसंच फुटलेलं उतरतं. २०१७ला आलेली नवी एपीएफएस नाव फोडत नाही. लिनक्स नाव बाइट न् बाइट जुळवतो. त्याच्या लेखी काकांनी टाइप केलेलं ‘दुसऱ्या’ आणि फाइलवरचं ‘दुसऱ्या’ हे दोन वेगळे शब्द. म्हणून एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फायलीही दिसू शकतात, आणि एक पुसली की माणूस समजतो डुप्लिकेट गेली. तसं कोणी करू नका, आधी दोन्ही उघडून बघा.

मला याची खरंच कळकळ आहे, कारण हे अक्षर आपल्या मराठीत पावलोपावली येतं. ‘पायऱ्यांची दुरुस्ती’, ‘कर्मचाऱ्यांचे पगार’, सगळीकडे हाच घोळ होणार. काका, आत्ता नुसतं ‘गळती’ टाकून शोधा.

सेक्रेटरी काका (सी-१०२): आली! सह्यांसकट आहे.

ए-६०१: छान. आता नाव पूर्ण पुसून आपल्या कीबोर्डवरून नव्याने टाइप करा, पुढच्या वेळी ‘दुसऱ्या’ने पण सापडेल.

बी-३०४: सॉरी काका, मी फॉरमॅट सुचवलं. मला वाटलं रिकामाच आहे.

सेक्रेटरी काका (सी-१०२): अहो, मीही बटणावर बोट ठेवलंच होतं. ठरावाची प्रिंट उद्या नोटीस बोर्डावर लावतो.