शब्दचर्चा: 'अ‍ॅनिमल मॉडेल'ला मराठीत काय म्हणावं?

मेघना: लहान मुलांच्या हृदयाला आधार देणाऱ्या पंपांवरचा एक लेख मराठीत करतेय. दोन शब्दांपाशी गाडी अडलीय, 'मिनिमली इन्व्हेजिव्ह', म्हणजे मोठी चिरफाड न करता केलेलं, आणि 'अ‍ॅनिमल मॉडेल'. पहिल्याला कुणीतरी 'किमान आक्रमक' सुचवलं. पंप अंगावर धावून येतोय की काय! दुसऱ्याला 'प्राणी प्रारूप' चालेल?

दत्ता: प्रारूप म्हटलं की महापालिकेचा विकास आराखडा आणि हरकती-सूचना. 'नमुना' तर नकोच, 'मेंढीच्या नमुन्यातून रक्ताचा नमुना घेतला' असं लिहायची वेळ येईल. सरळ 'प्राण्यांवरची चाचणी' लिही आणि मोकळी हो.

शिरीष: दत्ताराव, इथे गफलत होतेय. मी पशुवैद्यक आहे म्हणून सांगतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धडधाकट मेंढीत पंप बसवायचा आणि रक्तपेशी फुटतात का, गुठळ्या होतात का ते पाहायचं, ही झाली चाचणी. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेची हृदयझडप 1990 मध्ये पहिल्यांदा माणसात बसवली, त्याआधी ती अशीच मेंढ्यांमध्ये तपासली होती. पण निरोगी हृदय स्वतःच जोरात रक्त ढकलत असतं, त्यामुळे दमलेल्या हृदयात पंप कसा वागेल हे त्यातून पुरतं कळत नाही. मग हृदयाची एखादी धमनी बांधून ते मुद्दाम कमकुवत करतात. असा आजार उभा केलेली मेंढी म्हणजे नेमक्या अर्थाने मॉडेल. फाँटान शस्त्रक्रिया झालेल्या, म्हणजे जन्मतः हृदयाचा एकच पंप नीट चालणाऱ्या मुलांचं उदाहरण घ्या. त्यांच्यात शिरांमधलं रक्त हृदयाने न ढकलता थेट फुप्फुसांकडे जातं. त्यांच्यासाठीचं यंत्र पारखायचं तर मेंढीतही आधी तशी जोडणी करावी लागते, आणि तीच मोठी शस्त्रक्रिया होऊन बसते. 'चाचणी' लिहिलंत की हे सगळं गळतं.

मेघना: मग 'रोगप्रतिरूप'?

शिरीष: 'प्रतिरूप' मला पटतं. पण प्राण्याचं नाव लिहाच, 'मेंढीतलं प्रतिरूप'. वासरू भराभर वाढतं, डुकराच्या हृदयाचा ठेका चटकन बिघडतो. मेंढी त्या मानाने शांत, आठवडेच्या आठवडे पिंजऱ्यात उभी राहते. शेवटी मूत्रपिंडं कापून पाहतात. पंपातली गुठळी सुटून तिथे अडकली असेल तर पाचरीच्या आकाराचा फिकट डाग दिसतो.

सुनंदा: 'मिनिमली इन्व्हेजिव्ह'ला लोक 'दुर्बिणीचं ऑपरेशन' म्हणतात, पण इथे दुर्बीण नसते, नळी मांडीच्या धमनीतून वर सरकवतात. 'अल्पछेदी' बरा. फक्त यंत्र लहान म्हणून तो लावू नकोस हं. जार्विक 2015 हा पंप पेन्सिल सेलएवढा, पण बसवायला छाती उघडावी लागते. बर्लिन हार्टचा पंप तर शरीराबाहेरच असतो, तरी त्याच्या नळ्या हृदयाला शिवायला छाती उघडणं आलंच. खरा अल्पछेदी म्हणजे इम्पेलासारखा नळीवरचा पंप. त्यातलं सीपी नावाचं मॉडेल 14 फ्रेंचचं. फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप, 3 फ्रेंच म्हणजे 1 मिलिमीटर. म्हणजे साडेचार मिलिमीटरहून जाड! तान्ह्या बाळाच्या मांडीतली धमनी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. सगळं घोडं तिथेच अडतं.

दत्ता: पंप बारीक करायचा मग.

सुनंदा: बारीक केला की तेवढंच रक्त ढकलायला जास्त वेगाने फिरवावा लागतो, आणि रक्तपेशी फुटतात. तीन किलोच्या बाळात सगळं मिळून रक्त अडीचशे मिलिलिटरच्या आसपास. तिथे ही नासाडी परवडत नाही.

मेघना: मग असं लिहिते: 'अल्पछेदी हृदयाधार पंप मेंढीतल्या प्रतिरूपात तपासला.' अजून एक. प्रयोगाअखेर मेंढी 'सॅक्रिफाइस' केली, याला 'बळी दिला' लिहू?

शिरीष: नको, जत्रा आठवते. 'दयामरण'ही नको, ती आजारातून सुटावी म्हणून मारलेली नसते. 'प्रयोग संपल्यावर मेंढीला भूल देऊन मारलं' असं लिहा.

दत्ता: जरा कठोर वाटतं.

शिरीष: वाटू दे. झालेलं तेच आहे.