खंबाटकी चढताना ओव्हरबूस्ट येऊन गाडी दम सोडते, टर्बो बदलायलाच लागेल का?

वाईकर_डिझेल

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. 2013 ची डिझेल सेडान आहे, 1.6 लिटर, व्हीजीटी टर्बो (आतल्या पात्या हलवून दाब कमी-जास्त करणारा), 1 लाख 38 हजार किमी झालेत. दुसरा मालक मी, 2019 पासून माझ्याकडे आहे. गेले दोन महिने असं होतंय की पुण्याहून वाईला जाताना खंबाटकीच्या चढाला चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की आधी गाडी नेहमीपेक्षा जोरात खेचते, अगदी जाणवण्याइतकी, आणि दोन-तीन सेकंदांत एकदम मेल्यासारखी होते. इंजिनचा दिवा लागतो, पिकअप शून्य, 2000 च्या वर आरपीएम चढता चढत नाही. बाजूला घेऊन चावी बंद करून परत चालू केली की पुन्हा ठीक. मागच्या रविवारी आई-बाबा मागे बसलेले, ओव्हरटेक करताना मधेच हे झालं आणि मागून भरलेला ट्रक येत होता. तेव्हापासून त्या रस्त्याने न्यायची हिंमत होत नाही.

स्कॅनला पी 0234 कोड येतो, म्हणजे ओव्हरबूस्ट, टर्बो इंजिनात हवा हवी त्यापेक्षा जास्त दाबाने ढकलतोय. गॅरेजवाल्याने आधी व्हॅक्युमची नळी बदलली, फरक नाही. मग एअर फ्लो सेन्सर साफ केला, फरक नाही. आता म्हणतो टर्बो गेला, नवीन घाला, 72 हजार. मी गाडीच्या ओबीडी सॉकेटला (तपासणीचा डेटा मिळतो तिथे) ब्लूटूथचा डोंगल लावून फोनवर बघितलं तर मॅनिफोल्ड प्रेशर 255 ला जातं आणि तिथेच सरळ रेष येते, मग लिंप मोड, म्हणजे इंजिन स्वतःला वाचवायला ताकद कापून टाकतं. शहरात मात्र काहीच त्रास नाही. रोजचं ऑफिस घरापासून 4 किमी.

टर्बो खरंच गेला असेल का? धूर नाही, ऑइल कमी होत नाही, शिट्टीचा आवाज पण नेहमीसारखाच आहे.

बूस्टगेज

दादा, पहिली गोष्ट, ती 255 ची सरळ रेष म्हणजे प्रेशर तिथे थांबलं असं नाही. ओबीडीच्या स्टँडर्ड डेटामध्ये मॅनिफोल्ड प्रेशरला एकच बाइट दिलाय, त्यामुळे आकडा 0 ते 255 किलोपास्कल एवढाच दाखवता येतो, खरं प्रेशर त्याच्या वर गेलं तरी ॲप 255 च दाखवणार. म्हणजे तुमचं प्रेशर किती वर गेलं ते या डोंगलवरून कळणारच नाही, कंपनीचा प्रोटोकॉल वाचणारा स्कॅनर लागेल, त्यात ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) मागितलेला बूस्ट आणि प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट शेजारी-शेजारी दिसतात आणि खरी गंमत त्या दोन रेषांच्या फरकात असते.

दुसरं, हा आकडा ॲब्सोल्यूट आहे, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून. पुण्यात तो साधारण 95 धरा. 255 वजा 95 म्हणजे टर्बोने स्वतः वाढवलेला दाब 160 किलोपास्कल, 1.6 बार. या मापाच्या डिझेलला ते जास्तच आहे. बरेच जण इथे गोंधळतात, गेजवरचा 1.4 आणि ॲपवरचा 2.4 एकच असतो हे लक्षात येत नाही.

आणि सगळ्यात आधी सेन्सर खोटं बोलत नाही ना ते बघा, फुकट आहे. गाडी रात्रभर उभी असताना इंजिन चालू न करता फक्त चावी ऑन करा आणि मॅनिफोल्ड प्रेशर वाचा. पुण्यात 94-95 च्या आसपास यायला पाहिजे, मुंबईत 101 च्या जवळ. 105-110 दाखवत असेल तर सेन्सरच वर वाचतोय. ईजीआरच्या (धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेच्या) काजळीने या सेन्सरचं तोंड बुजतं, काढून इलेक्ट्रिकल क्लीनरने हलक्या हाताने साफ करायचा, आत काडी घालायची नाही.

शिरोलीचा_फिटर

मी 20 वर्षं डिझेलच करतोय, कोल्हापूरला. भाऊ, तुमची व्हॅक्युमची नळी ज्याने बदलली त्याने कोड नीट वाचलाच नाही असं मला स्पष्ट वाटतं, आणि हे मी रोज बघतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा ॲक्च्युएटर, म्हणजे पात्या हलवणारा भाग, व्हॅक्युमवर चालणारा असेल (टर्बोच्या बाजूला गोल डबा, त्यातून एक रॉड निघतो, डब्याला एकच बारीक नळी) तर त्याचं गणित असं: व्हॅक्युम नाही म्हणजे रॉड सैल, टर्बोच्या आतल्या पात्या उघड्या, बूस्ट कमी. व्हॅक्युम मिळाला की रॉड ओढला जातो, पात्या मिटतात, एक्झॉस्टचा गॅस चिंचोळ्या जागेतून जोरात चाकावर आदळतो आणि बूस्ट वाढतो. आता सांगा, नळी फाटली तर व्हॅक्युम कमी होणार की जास्त? कमी. मग बूस्टही कमीच होणार, गाडी सुरुवातीपासून मरगळलेली चालणार आणि कोड येणार पी 0299, अंडरबूस्टचा. फाटक्या नळीने ओव्हरबूस्ट होत नाही.

ओव्हरबूस्ट म्हणजे पात्या मिटल्या आणि वेळेवर उघडल्या नाहीत. याची कारणं मोजकी. पात्या काजळीने आतच अडकतायत, हे सगळ्यात जास्त वेळा. बूस्ट सॉलेनॉइड (ॲक्च्युएटरला व्हॅक्युम देणारी-सोडणारी विजेवरची झडप) व्हॅक्युम सोडत नाहीये, त्याला हवा आत घ्यायला बारीक फिल्टर असतो तो चोंदला की असं होतं. सॉलेनॉइडच्या नळ्या उलट्या लागल्यात, पण मग त्रास कायम असतो, फक्त घाटात नाही. किंवा कोणीतरी रॉडचा नट फिरवून पिकअप वाढवायला गेलाय. दुसरे मालक आहात म्हणून विचारतो, नटावर पान्याच्या खुणा आहेत का? आणि रिमॅप केलेली आहे का, म्हणजे ताकद वाढवायला ईसीयूचा प्रोग्राम बदललाय का?

रोज 4 किमी ऑफिस म्हणताय तिथेच मला उत्तर दिसतं. इंजिन नीट तापतच नाही, पात्या एकाच जागी थोड्याशा हलतात, बाकीच्या भागात काजळी बसत राहते. मग घाटात पहिल्यांदा पूर्ण हालचाल मागितली की अडकतात.

तपासायला हातपंप लागतो, व्हॅक्युमचा, गेज असलेला. ॲक्च्युएटरची नळी काढून पंप लावा, हळूहळू ओढा. साधारण 3 ते 5 इंचाला (गेजवरचे पाऱ्याचे इंच, व्हॅक्युमचं माप) रॉड हलायला सुरू व्हायला पाहिजे आणि 18 च्या आसपास पूर्ण आत, गाडीप्रमाणे थोडा फरक पडतो. आकड्यापेक्षा चाल बघा. लोण्यासारखा जायला पाहिजे, थांबून मग उडी मारली तर पात्या अडकतायत. तसंच व्हॅक्युम सोडल्यावर रॉड एका झटक्यात परत यायला हवा. आणि सुई एका जागी टिकली पाहिजे, खाली आली तर डब्यातलं रबर फाटलंय.

एक्सप्रेसवे_रनर

मला वाटतं एवढं करायची गरज नाही, टाकीत एक क्लीनरची बाटली टाका आणि एक्सप्रेसवेवर तिसऱ्या गिअरमध्ये 3500 आरपीएमवर अर्धा तास पळवा, काजळी जळून जाते. माझ्या मित्राची अशीच सुटली.

शिरोलीचा_फिटर

थोडीफार जड असेल तर सुटते, मी नाही म्हणत नाही, आणि त्रास सुरू व्हायच्या आधी महिन्यातून एकदा असं पळवणं चांगलंच. पण यांच्या गाडीला कोड येतोय, म्हणजे पात्या मिटलेल्या अवस्थेत अडकतायत. अशा वेळी 3500 ला पूर्ण पाय दाबून ठेवला तर टर्बोचं चाक मर्यादेबाहेर फिरतं. लिंप मोड वाचवतो, पण तो लागायच्या आधीची दोन-तीन सेकंद दरवेळी टर्बोच्या शाफ्टवर आणि हेड गॅस्केटवर जातात. कोड पुसून परत घाटात जाऊन बघू नका, एवढी माझी विनंती आहे.

कोथरूड_टर्बोपेट्रोल

मधेच विचारतो, माझी 1.2 टर्बो पेट्रोल आहे, मला पण हाच कोड एकदा आलाय. तिथेही नळी फाटल्याने काही होत नाही का?

बूस्टगेज

नाही, पेट्रोलला जपून, तिथे बरोबर उलटं असतं. बऱ्याच पेट्रोल टर्बोंना वेस्टगेट असतं आणि त्याचा ॲक्च्युएटर दाबावर चालतो. बूस्ट वाढला की तोच दाब नळीतून डब्यात जातो आणि झडप उघडून जास्तीचा गॅस चाकाला वळसा घालून सोडून देतो. ती नळी निघाली किंवा फाटली तर झडपेला उघडायला दाबच मिळत नाही आणि बूस्ट चढत राहतो. म्हणजे तुमच्याकडे नळी हा पहिला संशयित. काही नवीन गाड्यांत वेस्टगेट इलेक्ट्रिक मोटरवर असतं, तिथे नळीच नसते, मग मोटर आणि झडपेचा सांधा बघायचा. बाहेरून मोठा एक्झॉस्ट बसवला असेल तर तेही सांगा, झडपेचं भोक त्या वाढलेल्या गॅसला पुरत नाही आणि वरच्या आरपीएमला बूस्ट आपोआप सरकत जातो.

वाईकर_डिझेल

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी ओळखीच्या एकाकडून हातपंप आणला आणि दोघांनी मिळून सगळं केलं.

चावी ऑन, इंजिन बंद: 95. म्हणजे सेन्सर बरोबर. रिमॅप नाही, नटावर खुणा नाहीत, कंपनीचा पिवळा रंग तसाच आहे.

पंप लावला तर रॉड 4 इंचाला हलायला लागला, 9-10 पर्यंत आला आणि तिथेच थांबला. 14 पर्यंत ओढलं तरी जागचा हलला नाही आणि मग टक् करून एकदम आत गेला. सोडल्यावर अर्धाच परत आला. पान्याच्या मुठीने डब्याच्या ब्रॅकेटवर हलकं ठोकलं तेव्हा उरलेला सुटला. सुई मात्र टिकून होती. तीनदा केलं, तीनदा तेच. हे डोळ्यांनी बघितल्यावर इतकं बरं वाटलं, दोन महिने नुसते अंदाजच ऐकत होतो.

म्हणजे टर्बो उतरवून पात्या साफ केल्या तर चालेल का, की तरीही नवीन?

शिरोलीचा_फिटर

एकदम नमुनेदार. साफ होईल. आधी टर्बो उतरवल्यावर शाफ्ट हाताने धरून बघायला सांगा, बाजूला किंचित हलला तर चालतं कारण आत ऑइलचा थर नसतो तेव्हा, पण आत-बाहेर, म्हणजे लांबीच्या दिशेने, हातालासुद्धा खेळ जाणवला किंवा पंख घराला घासल्याच्या खुणा असल्या तर मात्र साफसफाईवर पैसे घालू नका.

शाफ्ट ठीक असेल तर फक्त एक्झॉस्टकडचं लोखंडी घर वेगळं करायचं. काढायच्या आधी दोन्ही घरांवर खूण करून ठेवा, नाहीतर बसवताना ऑइलच्या पाइपचा कोन जुळत नाही. पात्या आणि त्यांना फिरवणारी रिंग, दोन्हीकडून काजळी काढायची. बरेच जण ओव्हन क्लीनरचा फेस मारतात, लोखंडाला चालतो, पण हवेकडचं घर अॅल्युमिनियमचं आहे, त्याला लागू देऊ नका, खातो तो. मधला भाग, जिथे बेअरिंग असतं, तो पाण्यात किंवा केमिकलमध्ये बुडवायचा नाही. शाफ्टच्या टोकाचा नट आणि पात्यांचा स्टॉप स्क्रू, या दोघांना हात लावायचा नाही, स्टॉप स्क्रू हलला की पुन्हा जुळवायला मशीन लागतं.

बसवताना गॅस्केट आणि तांब्याचे वॉशर नवीन घ्या. आणि सुरू करायच्या आधी टर्बोच्या ऑइलच्या भोकात वरून स्वच्छ ऑइल भरायचं, चाक बोटाने फिरवायचं. कोरडा चालू केला तर साफ केलेला टर्बो तिथल्या तिथे जातो. सॉलेनॉइडचा फिल्टर पण त्याच दिवशी बघून घ्या.

वाईकर_डिझेल

काम झालं. पुण्यातच एका टर्बोवाल्याकडे केलं, समोर उभा राहून. शाफ्टला लांबीच्या दिशेने खेळ अजिबात नव्हता. रिंगच्या खालच्या बाजूला काजळी आणि गंज मिळून दगडासारखा थर झाला होता, वरच्या पात्या बऱ्यापैकी मोकळ्या होत्या. सॉलेनॉइडचा फिल्टर पण काळा झाला होता, तो बदलला. काढणं, साफ करणं, गॅस्केट, ऑइल धरून 9,400 झाले.

बसवल्यावर परत पंप लावून बघितलं, 4 इंचापासून 17 पर्यंत कुठेही न थांबता गेला आणि सोडल्याबरोबर परत. काल एकटाच खंबाटकी चढलो, चौथ्या गिअरमध्ये पूर्ण पाय, सगळ्यात जास्त 238 आलं आणि तिथून हळूहळू खाली आलं. दिवा नाही. रविवारी आई-बाबांना घेऊन वाईला जातोय. फिटर दादा, कोल्हापूरला आलो तर तुम्हाला भेटायला नक्की येणार.