आईने केलेले काम झाले धरायचे की राहिले?

प्रश्न (बालरुग्ण कक्षातील परिचारिका):
कामाची पाळी संपताना आमच्या नोंदी पूर्ण असतात, औषधेही वेळेवर दिलेली असतात. तरी कूस बदलणे, तोंडाची स्वच्छता, रडणाऱ्या मुलाजवळ क्षणभर बसणे आणि घरी सोडताना आईला नीट समजावणे यांतले काहीतरी रोज राहून जाते. बरेचसे आई परस्पर उरकते. ते झाले धरावे, की राहिले?

उत्तर १ (परिचर्या अध्यापक):
अमेरिकेतील परिचर्या संशोधक बिआट्रिस कॅलिश यांनी २००६ मध्ये अशा राहून गेलेल्या शुश्रूषेवर लिहिले आणि पुढे ‘मिसकेअर’ प्रश्नावलीतून काय राहिले याबरोबरच का राहिले, हेही विचारले. कारणांचे गट तीन : मनुष्यबळ, साहित्य आणि आपसातला संवाद. मात्र मूळ प्रश्नावली प्रौढांच्या कक्षांसाठी होती. माझ्या मते भरवणे किंवा अंग पुसणे आईने स्वेच्छेने, शिकून घेऊन केले असेल तर ते झाले धरावे. निरीक्षण मात्र तिच्यावर सोपवता येत नाही.

उत्तर २ (एक आई):
माझ्या आठ महिन्यांच्या बाळाचा सलाईन लावलेला हात सुजत होता आणि तो असाच दिसत असेल, असे समजून मी बराच वेळ गप्प राहिले. पाजणे, लंगोट बदलणे मीच करत असल्याने सिस्टरना आमच्या खाटेपाशी येण्याचे निमित्तच उरले नव्हते.

उत्तर ३ (निवृत्त परिसेविका):
ताईंनी नेमके सांगितले. भिजलेल्या डायपरच्या वजनातून कोऱ्याचे वजन वजा केले, की एका ग्रॅमला साधारण एक मिलिलिटर या हिशोबाने लघवी कळते; तान्ह्या बाळात ती किलोमागे ताशी एक मिलिलिटरच्या खाली जाऊ लागली, तर डॉक्टरांना कळवायला हवे. आईने डायपर फेकला, की ही मोजणी त्याच्याबरोबर जाते. अर्थात हे सगळे हाताशी पुरेशी माणसे असतील तरच. कॅलिफोर्नियात २००४ पासून बालरुग्ण कक्षात एका परिचारिकेकडे चारपेक्षा अधिक मुले देता येत नाहीत. जिथे अशी मर्यादा नाही, तिथे केवळ परिचारिकेला जाब विचारणे मला अन्यायाचे वाटते.

प्रश्नकर्ती:
आमचा वजनकाटा कपाटावर चढवून ठेवलेला आहे. तो आज खाली काढते. डायपर न फेकता वेगळा ठेवा आणि सलाईनचा हात सुजलेला वाटला तर लगेच हाक मारा, हे आईला दाखल होतानाच सांगू. दर तासाला तो हात पाहणे मात्र आमच्याच नावावर राहील.